कोपऱ्यातलं 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' घालवायचं कसं? पुसण्याआधी ओळ वाचा, पैसे कदाचित आधीच भरलेले आहेत

पेडणे, प्रतिनिधी : लॅपटॉप सुरू केला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या थोडं वर, फिकट अक्षरांत दोन ओळी उमटतात. 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' आणि त्याखाली 'गो टू सेटिंग्ज टू अ‍ॅक्टिव्हेट विंडोज'. फोटो बघा, टॅली उघडा, मुलांचा ऑनलाइन तास लावा, त्या ओळी सगळ्याच्या वर बसून असतात. याला वॉटरमार्क म्हणतात. पेडणे, डिचोली, साखळीत काय आणि हद्दीपलीकडे दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीत काय, प्रश्न एकच असतो : हे जाणार कसं?

दुकानात नेलं तर अनेकदा दहा मिनिटांत ते 'गायब' करून मिळतं. यूट्यूबवरही तसे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण ओळ गायब होणं वेगळं आणि प्रश्न सुटणं वेगळं. ही ओळ म्हणजे काचेवरचा डाग नव्हे, तो संगणकाने दिलेला निरोप आहे. निरोप कुठला आहे ते कळलं, तर बऱ्याच वेळा एक पैसा न देता काम होतं. न वाचता पुसायला गेलं, तर बँकेचा पासवर्ड जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. म्हणून कुठली ओळ कशामुळे येते आणि तिचं काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी ओळ नीट वाचा

कोपऱ्यातली सगळीच अक्षरं लायसनची नसतात. साधारण सहा प्रकार दिसतात.

१. 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' : या मशिनवरच्या विंडोजला लायसन सापडलेलं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. विंडोज ७ वर याच अर्थाने 'धिस कॉपी ऑफ विंडोज इज नॉट जेन्युइन' असं यायचं.

२. 'टेस्ट मोड' : कोणीतरी ड्रायव्हर टाकताना विंडोजची सही तपासण्याची सोय बंद ठेवली आहे. लायसनशी संबंध नाही.

३. 'सेफ मोड', चारही कोपऱ्यांत : संगणक दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू झाला आहे.

४. 'इव्हॅल्युएशन कॉपी' : चाचणीसाठीची किंवा ठरावीक मुदतीची विंडोज टाकली आहे.

५. 'सिस्टम रिक्वायरमेंट्स नॉट मेट' : जुन्या मशिनवर नियम डावलून विंडोज ११ चढवली आहे.

६. फक्त विंडोजचं नाव आणि बिल्ड नंबर : नुसती माहिती दाखवण्याची सोय चालू राहिली आहे.

पहिला प्रकार सोडला, तर बाकीच्यांपैकी बहुतेक घरच्या घरी सुटतात. त्यांचे उपाय शेवटच्या भागात आहेत. आता पहिल्याकडे वळू.

ही ओळ आली कुठून?

लायसन तपासण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने घराघरांत नेली ती २००१ च्या विंडोज एक्सपीपासून. त्याआधी एकच सीडी गल्लीभर फिरायची. एक्सपी आली आणि २५ अक्षरांची की टाकून ती कंपनीकडे नोंदवणं आलं. २००८ च्या सुमारास एक्सपीला असं अपडेट आलं की लायसन नसलेल्या संगणकाचा वॉलपेपर काळा पडायचा. तुम्ही बदलला तरी काही वेळाने पुन्हा काळा. तो काळा पडदा अनेकांना आठवत असेल.

विंडोज १० पासून कंपनी नरमली. लायसन नसलं तरी संगणक चालतो, इंटरनेट चालतं, सुरक्षेची अपडेटही येतात. दोन गोष्टी मात्र अडतात. सेटिंग्जमधून वॉलपेपर, रंग, थीम बदलता येत नाही आणि कोपऱ्यात ही ओळ राहते. म्हणजे ओळ दिसतेय म्हणून संगणक आज बंद पडेल असं नाही. घाईघाईने काही करण्याची गरज नाही, हे आधी लक्षात घ्या.

लायसन ठेवलेलं असतं तरी कुठे, हे कळणं महत्त्वाचं. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाखाली स्टिकर असायचा, त्यावर की छापलेली असायची. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये की थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरून येते. विंडोज सोबत आलेला लॅपटॉप तुम्ही घेतला असेल, तर लायसनची किंमत लॅपटॉपच्या किमतीतच गेलेली आहे. हार्ड डिस्क बदला, दहा वेळा फॉरमॅट मारा, ती की मदरबोर्डवर तशीच राहते.

ओरिजिनल लॅपटॉपवर परकी विंडोज

आपल्या भागातली खरी गोम इथेच आहे. गोव्यात सायबरएज योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आले, पुढे हप्त्यावर लॅपटॉप घेणं सोपं झालं. मशिन आली, पण तिच्यासोबत आलेलं लायसन कुठलं, हे कोणी सांगितलं नाही. तीन-चार वर्षांनी मशिन मंद होते, मग दुकानात नेली जाते, आणि तिथला मुलगा म्हणतो, 'विंडोज मारून देतो.' त्याच्याकडे एकच पेनड्राइव्ह असतो आणि त्यात बहुतेकदा विंडोजची 'प्रो' आवृत्ती असते. तुमच्या लॅपटॉपसोबत आलेली असते 'होम', त्यातही भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज'.

मदरबोर्डमधली की होमची आणि वर चढवलेली विंडोज प्रो. कुलूप एका कपाटाचं, किल्ली दुसऱ्याची. विंडोजला लायसन सापडत नाही आणि कोपऱ्यात ओळ येते. मग ती ओळ घालवायला आणखी पाचशे रुपये घेऊन एखादा 'अ‍ॅक्टिव्हेटर' चालवला जातो. लायसन घरातच असताना त्याच घरात चोरीची किल्ली आणली जाते, ती अशी.

उपाय सरळ आहे. जी आवृत्ती लॅपटॉपसोबत आली होती तीच परत टाका. क्रम असा :

पहिलं, मूळ आवृत्ती शोधा. लॅपटॉपचं बिल, खोक्यावरचं लेबल किंवा मशिनखालचा स्टिकर पाहा. त्यावर 'होम', 'होम सिंगल लँग्वेज' किंवा 'प्रो' असं असेल. खोक्यावर 'डॉस', 'फ्री डॉस' किंवा 'लिनक्स' लिहिलं असेल, तर त्या मशिनसोबत विंडोजचं लायसन आलेलंच नाही. ती स्वस्त मिळाली त्याचं कारणही तेच.

दुसरं, आता काय आहे ते पाहा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशन. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, अ‍ॅक्टिव्हेशन. वर आवृत्तीचं नाव आणि खाली लायसनची स्थिती दिसते. मूळ होम आणि इथे प्रो दिसली, की निदान झालं.

तिसरं, सगळं बाजूला काढून ठेवा. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीचा डेटा फोल्डर. मराठी डीटीपी करणाऱ्यांनी जुने फॉन्ट विसरू नयेत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर वाचताच येत नाही. मशिनची डिस्क बिटलॉकरने बंद असेल, तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच कागदावर उतरवून घ्या.

चौथं, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवा आणि किमान आठ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा. हे फुकट आहे. दुकानातला पेनड्राइव्ह नको, कारण त्यात आवृत्ती आधीच ठरवून ठेवलेली असू शकते.

पाचवं, त्यावरून विंडोज टाका. मदरबोर्डमध्ये की असेल, तर सेटअप बहुधा आवृत्ती विचारतच नाही, स्वतःच ओळखतो. विचारलंच तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' दाबा आणि मूळ आवृत्ती निवडा. सगळं झालं की इंटरनेट जोडा. थोड्या वेळात अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन' असं दिसतं आणि कोपरा रिकामा होतो.

स्वतः करायचं धाडस नसेल तर दुकानातच करून घ्या, पण सांगताना 'विंडोज मारून द्या' असं मोघम सांगू नका. 'माझ्या मदरबोर्डमधल्या कीची जी आवृत्ती आहे तीच टाका, अ‍ॅक्टिव्हेटर चालवू नका' असं सांगा. मजुरीचे पैसे द्यायला हरकत नाही, ते कामाचे आहेत.

एक गोष्ट मराठी वापरणाऱ्यांसाठी. 'सिंगल लँग्वेज' म्हणजे विंडोजचे मेनू एकाच भाषेत. त्या आवृत्तीत मेनू मराठी किंवा कोकणी करता येत नाहीत. पण मराठी टायपिंग, इनस्क्रिप्ट कीबोर्ड, युनिकोड फॉन्ट यांना काही अडचण नाही. तेवढ्यासाठी प्रो टाकून घेण्याचं कारण नाही.

आपलं लायसन कुठल्या जातीचं?

'माझ्या मशिनवर ओळ नाही, म्हणजे सगळं ठीक' असंही नाही. तपासायला एक मिनिट लागतं. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी चौकोन उघडते त्यात इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग डॉट, व्ही-बी-एस, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-आय असं टाइप करून एंटर दाबा.

थोड्या वेळाने छोटी खिडकी येते. त्यात 'ओईएम' दिसलं तर लायसन मशिनसोबत आलेलं. ते त्याच मशिनचं, दुसऱ्यावर नेता येत नाही. 'रिटेल' दिसलं तर वेगळं विकत घेतलेलं, ते एका मशिनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. 'व्हॉल्यूम' दिसलं तर ते कंपन्या, महाविद्यालयं, सरकारी कचेऱ्या एकगठ्ठा घेतात तसलं. ऑफिसच्या मशिनवर ते बरोबरच आहे. घरच्या लॅपटॉपवर 'व्हॉल्यूम केएमएस' दिसलं, तर कोणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर चालवलेला असण्याची दाट शक्यता.

डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर टाकलं तर मुदत कळते. केएमएस पद्धतीचं अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं. संस्थेच्या नेटवर्कमधला सर्व्हर ते अधूनमधून पुन्हा नवं करतो. घरी तो सर्व्हर नसतो. म्हणून 'ओरिजिनल करून दिलं' म्हणून घेतलेल्या मशिनवर साधारण सहा महिन्यांनी ओळ पुन्हा येते, आणि गिऱ्हाईक परत दुकानात. तिथे 'परमनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसलं तरी तेवढ्यावर भागत नाही, कारण फसवून तसं दाखवणारे प्रकारही आहेत. शेवटी खरा पुरावा बिलाचाच.

अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर चुकीचा कोड दिसत असेल, तर त्याची शेवटची अक्षरं पाहा. शेवटी 'एफ २११' असेल तर मदरबोर्डसारखा मोठा भाग बदललेला आहे. '७००१' असेल तर या मशिनसाठी लायसनच सापडलेलं नाही, परकी आवृत्ती टाकल्यावर हा कोड येतो. 'सी ००३' असेल तर ती की कंपनीने अडवलेली आहे, स्वस्तात घेतलेल्या कींचं पुढे असं होऊ शकतं. 'एफ ०७४' असेल तर मशिन संस्थेचा सर्व्हर शोधते आहे आणि तो मिळत नाही. महाविद्यालयाचा किंवा ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तो त्यांच्या नेटवर्कला जोडून पाहा किंवा तिथल्या आयटी विभागाला सांगा.

आणखी एक साधी गोष्ट. जुन्या डेस्कटॉपची छोटी गोल बॅटरी संपली की तारीख मागे जाते. तारीख चुकीची असेल तर कंपनीच्या सर्व्हरशी बोलणं फसतं. आधी तारीख-वेळ नीट करा, मग बाकीचं.

मदरबोर्ड बदलला तर?

पावसाळ्यात वीज पडून किंवा व्होल्टेज कमी-जास्त होऊन मदरबोर्ड जाण्याचे प्रकार होतात. मदरबोर्ड गेला की त्यातली कीही गेली. अशा वेळी रिटेल लायसन असेल आणि ते आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल, तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'ट्रबलशूट' दाबून 'आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली' निवडायचं आणि यादीतून आपली मशिन ओळखून द्यायची. मशिन चालू असतानाच खातं जोडून ठेवणं म्हणून फायद्याचं. लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि कंपनीच्या अधिकृत केंद्रानेच बोर्ड बदलला असेल, तर लायसन चालू करून मागा, तो तुमचा हक्क आहे. बाहेरून जुना बोर्ड बसवला, तर मात्र ओईएम लायसनचा दावा उरत नाही.

स्वस्त की आणि फुकट अ‍ॅक्टिव्हेटर

ऑनलाइन बाजारात तीनशे-चारशे रुपयांना विंडोज प्रोची की मिळते. अधिकृत किंमत काही हजारांत असते. एवढा फरक कसा, याचं उत्तर एकच : ती बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या एकगठ्ठा लायसनमधली किंवा भंगारात गेलेल्या मशिनची की असते. ती आज चालते. उद्या कंपनीने अडवली की ओळ परत, आणि विकणाऱ्याचा फोन बंद.

अ‍ॅक्टिव्हेटरचं त्याहून वाईट. तो चालवण्याआधी सांगितलं जातं, 'अँटिव्हायरस बंद करा.' इथेच थांबायला हवं. तुम्ही स्वतः दार उघडून, कुत्रा बांधून, अनोळखी माणसाला आत घेताय. अमेरिकेतल्या रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये दाखवून दिलं, की केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाखाली क्रिप्टबॉट नावाचा चोर प्रोग्रॅम पसरवला जात होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट उचलणं हे त्याचं काम. ज्या लॅपटॉपवर तुम्ही नेटबँकिंग करता, जीएसटीचं रिटर्न भरता, गिऱ्हाइकाचं आधार स्कॅन करता, त्यावर असलं काही चालवणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

असं काही आधीच चालवलं गेलं असेल, तर दुसऱ्या स्वच्छ मोबाइलवरून बँक आणि ईमेलचे पासवर्ड बदला, मग मशिन वर दिलेल्या क्रमाने नव्याने करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. हा नंबर गोवा, महाराष्ट्र, कर्नाटक तिन्हीकडे तोच.

कायदाही माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही तो संगणक प्रोग्रॅम वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. म्हणजे घरचा विद्यार्थी आणि दुकान, क्लास, सेवा केंद्र चालवणारा यांच्यात कायदा फरक करतो. कुलूप तोडणाऱ्या उपायांसाठी २०१२ मध्ये वेगळं कलम ६५ अ आलं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. धंद्याच्या मशिनवर लायसनचं बिल हवंच. ते खर्चात दाखवता येतं, मग लपवायचं कशाला?

सेकंडहँड घेताना, आणि हद्दीचा प्रश्न

दोडामार्गचा माणूस डिचोलीत खरेदी करतो, बांद्याचा म्हापशाला येतो, चोर्ला घाटातून बेळगावशी ये-जा चालू असते. जुना लॅपटॉप घेताना काउंटरवरच चार गोष्टी करा. मशिन इंटरनेटला जोडून अ‍ॅक्टिव्हेशनचं पान बघा. डी-एल-आय टाकून 'ओईएम' की 'व्हॉल्यूम' ते बघा. बिलावर विंडोजची आवृत्ती आणि 'लायसनसह' असे शब्द लिहून घ्या. आणि मशिन कुठल्या संस्थेच्या ताब्यातली तर नाही ना, म्हणजे सुरू करताना कुठल्या कंपनीचं लॉगिन मागत नाही ना, ते पाहा. नूतनीकरण करून विकणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टची वेगळी अधिकृत योजना आहे. त्यांच्या मशिनला नवं लायसन मिळतं आणि तसा स्टिकर असतो.

लायसनसह म्हणून घेतली आणि घरी आल्यावर ओळ आली, तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली एक तरतूद सीमाभागाच्या फार उपयोगाची आहे : तक्रार करणारा जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे म्हापशात खरेदी केलेल्या सावंतवाडीच्या माणसाला त्यासाठी गोव्यात खेटे घालायला नकोत, सिंधुदुर्गातच तक्रार चालते. उलटही तेच. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बिल मात्र पाहिजे. बिलाशिवाय दोनशे रुपये वाचवले असतील, तर हे सगळं अवघड होतं. ओळखीतल्या व्यक्तीकडून घेतलेल्या जुन्या मशिनला ग्राहक कायदा सहसा लागू पडत नाही, हेही ध्यानात ठेवा.

बाकीच्या ओळी अशा घालवा

टेस्ट मोड : स्टार्टमध्ये सी-एम-डी शोधा, उजवं क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' घ्या. काळ्या खिडकीत इंग्रजीत 'बीसीडीएडिट', जागा, तिरकी रेघ लगेच 'सेट', जागा, 'टेस्टसायनिंग', जागा, 'ऑफ' लिहून एंटर दाबा आणि मशिन पुन्हा सुरू करा. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की हाताशी असू द्या. यानंतर जुना प्रिंटर किंवा एखादं यंत्र चालेनासं झालं, तर त्याचा सही असलेला ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या.

सेफ मोड : आधी नुसतं रिस्टार्ट करा. तरीही तेच आलं, तर विंडोज आणि आर दाबून 'एमएसकॉन्फिग' लिहा, 'बूट' या टॅबमध्ये 'सेफ बूट' समोरची टिक काढा, पुन्हा सुरू करा.

इव्हॅल्युएशन कॉपी : दोन शक्यता. मशिन इनसायडर योजनेत असेल, तर सेटिंग्जमधून योजना सोडा. काही चॅनेलमधून बाहेर पडायला विंडोज नव्याने टाकावी लागते. मोठ्या संस्थांसाठीची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकलेली असेल, तर मुदतीनंतर मशिन तासातासाने आपोआप बंद होऊ लागते. तिला की टाकून पक्कं करता येत नाही. योग्य आवृत्ती नव्याने टाकणं हाच मार्ग.

सिस्टम रिक्वायरमेंट्स नॉट मेट : विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. काही मशिनमध्ये टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. आधी ते चालू करून पाहा. ते नसेलच, तर रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट युजर, कंट्रोल पॅनेल, त्याखाली 'अनसपोर्टेड हार्डवेअर नोटिफिकेशन कॅश' इथल्या 'एसव्ही२' ची किंमत शून्य केली की ओळ जाते. मशिन काही त्याने पात्र होत नाही.

बिल्ड नंबर : रजिस्ट्रीत करंट युजर, कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉप इथे 'पेंट डेस्कटॉप व्हर्शन' ची किंमत शून्य करा, साइन आउट करून परत या. हाच उपाय 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' साठीही सांगितला जातो, पण त्या ओळीवर त्याचा परिणाम होत नाही. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत एक्सपोर्ट करून ठेवा.

विंडोज १० वाल्यांनी आता काय करावं?

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, त्यासाठी सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. तेव्हा जुन्या मशिनवर विंडोज १० साठी नवी की विकत घेणं आता तोट्याचा सौदा. मशिन ११ ला पात्र असेल आणि १० चं लायसन खरं असेल, तर ११ फुकट मिळते. विंडोज ७ किंवा ८ च्या जुन्या कीवर नवी विंडोज चालू करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. त्यामुळे जुन्या स्टिकरवर आता भरवसा ठेवू नका.

आणि लायसन नाहीच, मशिन जुनी, पैसे घालायचे नाहीत, असं असेल तर लिनक्स. उबंटू, मिंट यांना कसली कीच नाही, म्हणून कोपऱ्यात असली ओळही नाही. भारत सरकारच्या सी-डॅकने २००७ पासून बॉस लिनक्स ही भारतीय भाषांची आवृत्ती दिली आहे. गोव्याला हे नवीन नाही. या शतकाच्या सुरुवातीला गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातून आलेले वापरलेले संगणक इथल्या शाळांत नेले, तेव्हा त्यांवर लिनक्स घातली होती. मुलांचा अभ्यास, इंटरनेट, मराठी टायपिंग, पत्रव्यवहार यांना ती पुरते. टॅलीवाल्यांना मात्र विंडोजच लागते. त्यांनी लायसनचा खर्च धंद्यातच धरावा.

शेवटी हिशोब इतकाच. विंडोजसह घेतलेला लॅपटॉप असेल, तर मूळ आवृत्ती परत टाका, खर्च मजुरीचा. विंडोज न घेता घेतलेला असेल आणि धंद्याचा असेल, तर लायसन विकत घ्या. घरचा असेल तर लिनक्स लावा, नाहीतर पैसे जमेपर्यंत ती ओळ राहू द्या. कोपऱ्यातली फिकट अक्षरं डोळ्यांना खुपतात हे खरं, पण ती कोणाचे पैसे काढून नेत नाहीत. त्यांना पुसणारा प्रोग्रॅम मात्र नेऊ शकतो.